नवे विंडोज, जुना कॉम्प्युटर : आधी निदान, मग इलाज



चुनखडीच्या जमिनीतला ऊस पिवळा पडला, म्हणजे पुष्कळ जण पहिल्याने युरियाचे पोते फोडतात. पाने हिरवी होत नाहीत. मग दुसरे पोते फुटते. वास्तविक तो नत्राचा तुटवडा नसतो, लोहाचा असतो. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, एवढे पाहिले असते तर हिराकसावर काम भागले असते. निदान न करता केलेल्या इलाजाने खर्च वाढतो आणि रोगही तसाच राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हाच प्रकार हल्ली घरातल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत दिसतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या सुमारास गावोगावी अनेकांनी घरच्या, दूध केंद्राच्या, पतसंस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून घेतले. कोणी अजून विंडोज ७ वर होते, ते १० वर आले. त्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. मशीन मंद झाले, प्रिंटर चालेना, आवाज गेला, मराठी अक्षरे उमटेनात. अशा वेळी दोनच सल्ले मिळतात. एक, "मशीन जुने झाले, नवीन घ्या." दुसरा, "फॉरमॅट मारावा लागेल." हे दोन्ही सल्ले कधीकधी बरोबर असतात. पण ते शेवटचे उपाय आहेत, पहिले नव्हेत. पहिला सल्ला मानला तर विनाकारण पैसे जातात. दुसरा घाईने मानला तर वर्षानुवर्षांचे हिशेब, मुलांचे फोटो, जमिनीची कागदपत्रे एका तासात पुसली जातात आणि ती विकत मिळत नाहीत.

मी शेतीखात्याचा माणूस, कॉम्प्युटरचा इंजिनिअर नव्हे. पण महाडीबीटीचे अर्ज, सातबाऱ्याचे उतारे आणि योजनांची कागदपत्रे या निमित्ताने गावातल्या जुन्या मशीनशी माझा रोजचा संबंध आहे. त्यातून जे ध्यानात आले ते क्रमाने सांगतो. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना शेजारी बसवून हा लेख वाचावा.

बिघाड होतो तो का?

विंडोज म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. की-बोर्ड, पडदा, प्रिंटर, आवाज, वायफाय या सगळ्यांकडून तो काम करून घेतो. पण प्रत्येक भागाची भाषा वेगळी. ती समजण्यासाठी मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामधली जोडणी असते, तसाच हा ड्रायव्हर. अवजार चांगले आहे, ट्रॅक्टर चांगला आहे, पण पिन बसत नाही, तर काम होत नाही. नवे विंडोज आले की जुनी पिन काही वेळा बसत नाही. अशा वेळी प्रिंटर किंवा स्पीकर बिघडलेला नसतो, फक्त जोडणी तुटलेली असते.

दुसरे कारण वजनाचे. नव्या विंडोजला जास्त ताकद लागते. विंडोज ११ साठी कंपनीनेच निदान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा सांगितली आहे. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. या पिढीची मशीन २०१७ च्या अखेरीपासून बाजारात आली. त्याहून जुन्या मशीनवर काही कारागीर आडवाटेने विंडोज ११ टाकून देतात. ते चालतेही, पण अशा मशीनला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. आपल्या मशीनवर विंडोज सरळ मार्गाने टाकले की आडवाटेने, हे टाकणाऱ्याला स्पष्ट विचारून घ्यावे.

पहिले काम : माहिती वाचवणे

कोणताही उपाय करण्याआधी आपल्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. वादळाची चाहूल लागली की आधी खळ्यावरचे धान्य झाकतो, छपराची दुरुस्ती मागाहून. तसेच हे.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स या चार जागा बघाव्यात. हिशेबाचा प्रोग्रॅम आपली माहिती बहुधा निराळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, तेव्हा तो बसवणाऱ्याला फोन करून जागा विचारावी. मोठ्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर सर्व उतरवावे. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न तपासलेली नक्कल ही नक्कल नव्हे. संस्थेचे हिशेब असतील तर दोन नकला कराव्यात आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी.

मशीनमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, किंवा एखादी फाइल उघडताना मशीन मिनिटमिनिट अडकत असेल, तर हार्ड डिस्कच शेवटच्या घटका मोजत असण्याची शक्यता असते. अशा वेळी बाकी सगळे सोडून महत्त्वाच्या फाइली प्रथम काढाव्यात.

आणखी एक. निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली, तर घाबरून फॉरमॅटला होकार देऊ नये. ती की बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू केले त्या खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती बघता येते.

दहा दिवसांची मुदत विसरू नका

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जुन्या विंडोजवर नवे विंडोज चढवले, मध्ये फॉरमॅट मारला नाही, तर जुने विंडोज मशीनमध्येच 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये दहा दिवस राहते. तेवढ्या दिवसांत मागे फिरता येते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी असे जावे. तेथे 'गो बॅक' हे बटण असते. विंडोज १० मध्ये हेच बटण सेटिंग्जमधील अपडेट अँड सिक्युरिटी, त्यातील रिकव्हरी येथे मिळते.

म्हणून नवे विंडोज घातल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पहिल्या आठवड्यातच प्रिंटर, आवाज, वायफाय, मराठी टायपिंग, हिशेबाचा प्रोग्रॅम, बोटाचा ठसा घेणारे यंत्र, डिजिटल सहीची पेन ड्राइव्हसारखी किल्ली, सगळे एकदा चालवून पाहावे. जागा मोकळी करण्याच्या नादात या दिवसांत जुने विंडोज पुसू नये.

मागे फिरताना नंतर घातलेले प्रोग्रॅम जातात, तेव्हा नक्कल आधी घ्यावी. आणि हेही ध्यानात घ्यावे की विंडोज १० वर परत जाणे म्हणजे कायमचा तोडगा नव्हे. आधार संपलेल्या विंडोजला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यासाठी वेगळी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिली. मागे फिरण्याने फक्त विचार करायला आणि तयारी करायला वेळ मिळतो.

एका वेळी एकच बदल

आमच्या प्रयोगाच्या शेतात बी, खत आणि पाणी एकाच हंगामात तिन्ही बदलत नाहीत. बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. कॉम्प्युटरलाही हाच नियम लावावा. एक बदल करावा, मशीन रिस्टार्ट करावे, फरक पाहावा, वहीत लिहावे, मग पुढचा बदल. ही वही कारागिराकडे नेली तर त्याचाही वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.

येथे 'रिस्टार्ट' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'शट डाउन' केले तरी बऱ्याच मशीनवर आतला कारभार पुरता थांबत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो, आणि त्याबरोबर आतली अडचणही तशीच राहते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. कितीतरी तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

लक्षण पहिले : मशीन मंद झाले

पहिले एक-दोन दिवस मंदपणा असणारच. नवे विंडोज आत फाइलींची यादी तयार करत असते, राहिलेले अपडेट उतरवत असते. मशीनला इंटरनेट आणि वीज देऊन काही तास तसेच चालू ठेवावे. घाईने बटण दाबून बंद करू नये. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा, डेस्कटॉपला यूपीएस असावा. अपडेट चालू असताना वीज गेली तर विंडोज अर्धवट बसते आणि मग खरोखरच फॉरमॅटची पाळी येते.

दोन दिवसांनंतरही मंदपणा राहिला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन आकडे दिसतात. हाच आपला माती परीक्षणाचा अहवाल समजावा.

डिस्कचा आकडा काही काम नसताना सतत १०० टक्क्यांच्या आसपास असेल, तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला हे ओझे झेपत नाही. मेमरीचा आकडा ९० च्या पुढे असेल तर रॅम कमी पडते. सीपीयूचा आकडा सतत वर असेल तर कोणता प्रोग्रॅम तो खातो आहे ते त्याच यादीत पाहावे.

बिनखर्चाचे उपाय आधी करावेत.

१. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' भाग आहे. मशीन सुरू होताच आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम तेथे दिसतात. नको असलेले 'डिसेबल' करावेत. न ओळखीचे नाव असेल तर त्याला हात लावण्याआधी विचारावे.

२. मुदत संपलेला अँटीव्हायरस काढून टाकावा. विंडोज १० आणि ११ मध्ये स्वतःचा राखणदार असतो. एका बांधावर दोन राखणदार ठेवले तर ते एकमेकांवरच भुंकतात.

३. सी ड्राइव्हवर १५-२० जीबी तरी मोकळी जागा असू द्यावी. जागाच नसेल तर अपडेट पुरे होत नाहीत.

४. मशीनच्या पंख्यात आणि जाळीत साठलेली धूळ काढावी. आपल्याकडे पीठ, भुसा, रस्त्याची धूळ हे सगळे आत जाते. मशीन तापले की ते स्वतःच आपला वेग कमी करते.

एवढे करूनही डिस्कचा आकडा १०० वरच राहिला, तर खर्चाचा उपाय करावा. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. जुन्या मशीनला जेवढा फरक याने पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नवीवर उतरवता येते, त्याला 'क्लोन' म्हणतात. दुकानदाराला "फॉरमॅट नको, क्लोन करा" असे सांगावे. निघालेली जुनी डिस्क चांगली असेल तर ती टाकू नये. एका केसमध्ये बसवली की ती नक्कल ठेवायला कामी येते.

रॅम वाढवायची असेल तर जुनी पट्टी बरोबर नेऊन दाखवावी. डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ बसत नाही. दोन दुकानांत भाव विचारावा. एसएसडी आणि रॅम मिळून होणारा खर्च नव्या मशीनच्या खर्चाच्या शेजारी लिहून पाहावा, म्हणजे निर्णय आपोआप होतो.

लक्षण दुसरे : आवाज, वायफाय किंवा पडद्याची तक्रार

आवाज गेला तर उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कोणत्या यंत्राकडे चालला आहे ते पाहावे. नवे विंडोज काही वेळा स्पीकरऐवजी मॉनिटरला आवाज पाठवते, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. यादीतून आपला स्पीकर निवडला की काम झाले.

तसे नसेल तर स्टार्टच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. ज्या भागाची जोडणी तुटली आहे त्याच्यापुढे पिवळा त्रिकोण दिसतो. त्यावर उजवे बटण दाबून 'अपडेट ड्रायव्हर' करावे. अपडेटनंतरच बिघाड झाला असेल तर 'प्रॉपर्टीज'मधील 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण पाहावे. ते फिके दिसले तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजावे. त्यानंतर विंडोज अपडेटमधील 'ऑप्शनल अपडेट्स' बघावेत. तेथे ड्रायव्हर न सापडला तर मशीनच्या पाठीवर किंवा तळाला चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक घेऊन, ते मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवावा. विंडोज ११ साठी वेगळा दिलेला नसेल तर विंडोज १० चा ६४ बिटचा ड्रायव्हर पुष्कळदा चालतो. "सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" अशा फुकटच्या प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नये. त्यातून तणच जास्त येते.

वायफायच गेले असेल तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? मोबाइल चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. मोबाइलचे इंटरनेट केबलमधून कॉम्प्युटरला मिळते. ती केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, फाइली नेणारी हवी.

अक्षरे अवाढव्य आणि पुसट दिसू लागली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला नाही. पडदा काळा झाला, पण मशीन चालू आहे, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' ही चार बटणे एकदम दाबावीत. त्याने पडद्याची जोडणी नव्याने सुरू होते.

लक्षण तिसरे : प्रिंटर चालत नाही

आमच्या भागातील एका गावात एक घर दूध संकलनाचे हिशेब ठेवते. सात वर्षांच्या नोंदी एकाच मशीनमध्ये. दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिले छापायची आणि मग पगार वाटायचा. नवे विंडोज घातल्यानंतर पहिल्याच वाटपाला एकही बिल निघेना. दारात माणसे येऊन बसली. कोणी म्हणाले प्रिंटर जळाला, कोणी म्हणाले फॉरमॅट मारा. घरच्या सूनबाईंनी मात्र हट्ट धरला की नक्कल घेतल्याशिवाय मशीनला कोणी हात लावायचा नाही. तो हट्ट योग्य होता.

पाहिले तर प्रिंटरच्या यादीत एकाच प्रिंटरची दोन नावे होती. एक जुने, फिके दिसणारे. दुसरे तेच नाव, पण पुढे 'कॉपी १' असे लिहिलेले. केबल काढून दुसऱ्या भोकात लावल्याने विंडोजने त्याला नवा प्रिंटर समजून दुसरी नोंद केली होती, आणि बिले मात्र जुन्या नावाकडे जाऊन रांगेत पडत होती. सेटिंग्जमधील प्रिंटरच्या पानावर 'डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा' अशा अर्थाची सोय असते, ती बंद केली. चालू नाव 'डीफॉल्ट' केले, रांगेतले जुने काम काढून टाकले आणि रिस्टार्ट केले. बिले निघाली. खर्च काही आला नाही.

प्रत्येक वेळी इतके सोपे असेल असे नाही. यादीतून प्रिंटर काढून पुन्हा जोडावा, कंपनीचा ६४ बिटचा ड्रायव्हर घालावा. विंडोज ११ हे ३२ बिटमध्ये येतच नाही, त्यामुळे फार जुन्या प्रिंटरसाठी ड्रायव्हरच नसेल तर तो प्रिंटर त्या मशीनवर चालणे अवघड. पण हे शेवटी ठरवावे, सुरुवातीला नव्हे.

लक्षण चौथे : मराठी अक्षरांची गडबड

जुने अर्ज, ठराव, लग्नपत्रिका उघडल्या आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, तर फाइल खराब झालेली नाही. ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे आणि तो फॉन्ट नव्या विंडोजमध्ये राहिलेला नाही. फॉरमॅट मारल्यावर हे हमखास होते. फाइल पुसू नये. ज्याच्याकडे तो फॉन्ट आहे त्याच्याकडून आणून बसवला की मजकूर पुन्हा दिसतो.

पुढच्या कामासाठी मात्र युनिकोडची सवय लावावी. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी की-बोर्ड अंगचाच असतो. सेटिंग्जमधील भाषेच्या पानावर मराठी भाषा जोडावी, आणि विंडोज व स्पेस ही दोन बटणे दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करावी. युनिकोडमध्ये टाइप केलेले मोबाइलवर, दुसऱ्या मशीनवर, सरकारी अर्जात, सगळीकडे सारखेच उमटते.

लक्षण पाचवे : हिशेबाचा जुना प्रोग्रॅम उघडत नाही

काही संस्थांत डॉसच्या काळातले, काळ्या पडद्यावर चालणारे हिशेबाचे प्रोग्रॅम अजून आहेत. ३२ बिटच्या विंडोजवर ते चालत होते. ६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर ६४ बिटच आहे. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. कितीही वेळा फॉरमॅट मारला तरी उपयोग नाही.

डॉसबॉक्स नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम जुने वातावरण तयार करून देतो आणि त्यात असे काही प्रोग्रॅम चालतात. दुसरा मार्ग म्हणजे एक जुने मशीन इंटरनेट न जोडता फक्त त्या हिशेबासाठी राखून ठेवणे. पण खरा तोडगा हा की, जुना प्रोग्रॅम चालू आहे तोवरच त्यातली सर्व माहिती नव्या प्रोग्रॅममध्ये किंवा एक्सेलमध्ये उतरवून घ्यावी. हे काम नवे विंडोज घालण्याच्या आधी करायचे असते. ज्यांनी अजून घातलेले नाही त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

जे नव्या विंडोजमुळे नसते ते

पाऊस पडल्यानंतर झाड वाळले म्हणून प्रत्येक वेळी पावसाचा दोष नसतो. एक नेहमीचे उदाहरण. सरकारी संकेतस्थळ उघडायला गेले की "हे जोडलेले स्थळ सुरक्षित नाही" अशा अर्थाची सूचना येते. लोक विंडोजला दोष देतात. अशा वेळी खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती काही वर्षे मागची असेल तर कारण सापडले. मशीनच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो, बहुतेक ठिकाणी सीआर २०३२ या क्रमांकाचा. तो संपला की मशीन बंद असताना घड्याळ मागे जाते, आणि चुकीच्या तारखेला सुरक्षित संकेतस्थळे दार उघडत नाहीत. सेल बदलावा, तारीख बरोबर करावी, अर्ज भरावा.

मग नवीन घ्यावे केव्हा?

मशीन २ जीबी रॅमचे आहे आणि रॅम वाढवायला जागा नाही, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात आहे, किंवा संस्थेच्या पैशांचे व्यवहार त्यावर होतात आणि त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, अशा वेळी जुन्याचा मोह सोडावा.

पण मुलांचा अभ्यास, पत्र लिहिणे, माहिती वाचणे एवढेच काम असेल तर आणखी एक वाट आहे. लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या मशीनवर हलकी चालते. लिनक्स मिंट हा तिचा एक प्रकार. सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचा भारतीय प्रकारही तयार केला आहे. मिंटसारखे प्रकार पेन ड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येतात, मशीनमधले काही न पुसता. पण ठशाचे यंत्र, डिजिटल सहीची किल्ली आणि विंडोजवरच चालणारे हिशेबाचे प्रोग्रॅम त्यावर चालतील असे धरून चालू नये.

जुने मशीन विकायचे असेल तर आतली डिस्क काढून घ्यावी. बँकेचे पासबुक रद्दीत घालतो का आपण? तसेच ते.

फसवणुकीपासून सावध

मशीन अडले की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला लुटणे सोपे असते. पडद्यावर मोठ्या लाल अक्षरांत "तुमच्या कॉम्प्युटरला विषाणू लागला, या क्रमांकावर फोन करा" असे दिसले तर तो सापळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक नसतो. फोनवरून कोणी मशीनचा ताबा मागितला, ओटीपी मागितला, तर देऊ नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी मदत क्रमांकावर कळवावे.

थोडक्यात क्रम

१. फाइलींची नक्कल घ्या आणि ती उघडून तपासा.
२. नवे विंडोज घातल्याची तारीख लिहा. दहा दिवसांच्या आत सर्व यंत्रे चालवून पाहा.
३. रिस्टार्ट करा.
४. लक्षण नेमके लिहा : काय चालत नाही, कधीपासून.
५. टास्क मॅनेजर आणि डिव्हाइस मॅनेजर पाहा.
६. एका वेळी एकच बदल करा.
७. आधी बिनखर्चाचे उपाय, मग एसएसडी आणि रॅम, आणि फॉरमॅट सर्वांत शेवटी.

कारागिराकडे जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. गावात आणि तालुक्याला चांगले, प्रामाणिक कारागीर आहेत आणि त्यांची गरज आहे. पण गुरांच्या डॉक्टरला बोलावतो तेव्हा जनावराने वैरण केव्हा सोडली, ताप आहे का, हे आपण सांगू शकतो, म्हणून त्यांना औषध नेमके देता येते. कॉम्प्युटरचेही तसेच करावे. लक्षणांची वही आणि तपासलेली नक्कल हातात घेऊन गेलेल्या घरधन्याला कोणी उगाच फॉरमॅट सुचवत नाही. खरिपाच्या अर्जांची घाई सुरू होण्याआधी एखादी दुपार काढून घरातल्या मशीनची एवढी तपासणी करावी आणि नक्कल घेण्याचे काम तर आजच करावे.